तळघरातला परिच्छेद

आमचे काका आयुष्यभर सरकारच्या चुका काढत आले. पगार सरकारचा, चुकाही सरकारच्या, आणि त्या काढायला माणूस बसवला तोही सरकारनंच. हा उद्योग मुळात कुणाच्या डोक्यातून निघाला देव जाणे. लेखापरीक्षण म्हणतात ते हेच. वर्षभरात सरकारनं पैसा कुठून आणला, कुठे घातला, किती खरोखर उरला आणि किती नुसता उरल्यासारखा दाखवला, हे तपासून अहवाल लिहायचा आणि तो सभागृहापुढे ठेवायचा. त्या अहवालाचं पहिलं प्रकरण सरकारच्या आर्थिक तब्येतीचं असतं. ते बरीच वर्षं माझ्या काकांनी लिहिलं. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. समोर खुर्चीत हनुवटी टेकवून बसलेल्या गिऱ्हाइकाला हलता येत नाही, म्हणून त्यालाही मी काकांचं कौतुक ऐकवून घ्यायचे. आता कुणी विचारलं, तुझे काका काय करायचे, तर मी सांगते, ऑफिसात होते. आणि अक्षरांचा तक्ता बदलते.

लाज वाटते म्हणून. दुसरं काही कारण नाही. परक्यानं लाज आणली तर माणूस चार शिव्या देऊन मोकळा होतो. आपल्याच माणसानं आणली की ती घरात येऊन बसते, आणि आपल्यालाच तिच्या अंगावरून इकडून तिकडे जावं लागतं.

आमच्या गल्लीत काकांना सगळे आक्षेपकाका म्हणायचे. नाव त्यांना आवडायचं, पण आवडतं असं दाखवायचे नाहीत. इमारतीला रंग दिला तेव्हा रंगाऱ्यानं किती डबे वापरले आणि किती डब्यांचे पैसे लावले, हे त्यांनी रिकामे डबे गच्चीवर ओळीनं मांडून रंगाऱ्याला दाखवलं होतं. एकदा कुणा पुरवठादाराचा माणूस भेटीची पेटी घेऊन तिसऱ्या मजल्यावर आला. काकांनी त्याला पाणी दिलं, पेटी न उघडता परत दिली, आणि परत मिळाली म्हणून त्याची सहीसुद्धा घेतली. बिचारा जिना उतरताना मोठ्यानं काय काय बोलत होता ते सगळ्या इमारतीनं ऐकलं. ऑफिसच्या पेनानं ते घरचं काही लिहायचे नाहीत. लग्न त्यांनी केलं नाही. आई म्हणायची, "इतकी स्थळं आली, पण आक्षेपाशिवाय एकावरही सही झाली नाही."

आई त्यांची वहिनी. माझे बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते. काका समोरच्याच खोलीत राहायचे, आणि तेव्हापासून दोन्ही वेळा आमच्याकडे जेवायचे. महिन्याच्या महिन्याला आपल्या जेवणाचे पैसे आईच्या हातात ठेवायचे. आई ते न बघता डब्यात टाकायची. त्याचं त्यांना फार वाईट वाटायचं. "निदान बघून तरी घ्या, वहिनी," म्हणायचे. "तुम्ही बघितलेत ना?" आई म्हणायची. "मग सरकारचं बघता तेवढं पुरे झालं."

आई सरकारी इस्पितळाच्या धुलाई विभागात होती. चादरींच्या घड्या घालायला म्हणून कंत्राटावर लागली, आणि बढती मिळत मिळत त्या विभागाची मुकादम झाली, पण कंत्राट काही सुटलं नाही. वाफेनं तिच्या हातांची कातडी पातळ झाली होती आणि दिवसभर ओल्या फरशीवर उभं राहून गुडघ्यांचं वाटोळं झालं होतं. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत ती दोनदा थांबायची, आणि थांबलेली दिसू नये म्हणून कुणाच्या तरी दाराशी गप्पा मारत उभी राहायची. तिच्या मनात एकच गोष्ट होती. दर महिन्याला पगारातून निवृत्तीच्या निधीसाठी पैसे कापले जायचे, तेवढेच सरकारनं आपल्या खिशातून घालायचे असा नियम होता, आणि निवृत्त झाल्यावर ते सगळे एकदम मिळणार होते. त्यातून तळमजल्यावरच्या दोन खोल्या घ्यायच्या. घर मोठं नको, छान नको. जिना नको, एवढंच.

जेवताना दीर-भावजयीची जुगलबंदी चालायची. "काय भाऊजी, आज सरकार कितीनं बुडालं?" आई विचारायची.

"बुडत नाही वहिनी, डुलतंय," काका म्हणायचे.

सरकारची तब्येत कशी ओळखायची, हे त्यांनी मला त्या जेवणांतच शिकवलं. ते म्हणायचे, सरकारवर कर्ज किती यानं घाबरायचं नाही, कर्ज कशाला काढलं ते बघायचं. पूल बांधायला काढलं तर ठीक, पगार वाटायला काढलं तर समजायचं की घसरण लागली. आणि शिल्लक दाखवली असेल तर अजिबात खूश व्हायचं नाही. उलट विचारायचं, द्यायचं कुणाचं राहिलंय? सरकारी हिशेबात जो पैसा हातातून गेला तोच खर्च. दिलाच नाही, तर तो खर्च कुठे दिसतच नाही.

"म्हणजे वाण्याचं बिल पुढच्या महिन्यावर ढकलायचं," आई म्हणाली होती, "आणि नवऱ्याला सांगायचं, बघा हो, मी किती काटकसरी!"

"वहिनी, तुम्ही अर्थखात्यात जाऊ नका," काका म्हणाले. "माझं काम वाढेल."

या माणसानं पुढे जे केलं ते त्याच्या स्वभावाविरुद्ध केलं असतं, तर मला एवढं लागलं नसतं. माणूस एखाद्या दिवशी घसरतो. काका घसरले नाहीत. ते आपल्या स्वभावानंच चालत गेले आणि खड्ड्यात पडले. पडताना चार हजार माणसांना घेऊन पडले.

निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षाची गोष्ट. सरकारनं त्या वर्षी चांगली घसघशीत शिल्लक दाखवली होती. काकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, द्यायचं कुणाचं राहिलंय? आणि शोधत शोधत ते इस्पितळांच्या कंत्राटी माणसांपर्यंत पोचले. धुलाई, सफाई, स्वयंपाकघर, रखवाली, सगळी मिळून चार हजारांवर माणसं. त्यांच्या पगारातून निधीसाठी पैसे कापले जात होते. पण तीन वर्षं ते निधीत भरलेच नव्हते. सरकारचा वाटाही नाही आणि माणसांचा स्वतःचा कापलेला पैसाही नाही. तो सगळा रोजच्या खर्चात गेला होता, आणि ती शिल्लक म्हणजे बऱ्याच अंशी हाच पैसा होता.

यातलं काही आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. अहवाल सभागृहापुढे जाईपर्यंत घरी अवाक्षर काढायचं नाही हा नियम, आणि काका तो पाळायचे. हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं. स्वतःला एका शब्दाची सवलत न देता, जणू दुसऱ्या कुणाचा आक्षेप वाचून दाखवत असल्यासारखं सांगितलं.

त्यांनी परिच्छेद लिहिला. सडेतोड लिहिला. पण अहवाल छापण्याआधी त्यांच्या धंद्यात एक रीत असते. समारोपाची बैठक. ज्या खात्याच्या चुका काढल्या त्याच खात्याचे मोठे अधिकारी टेबलापलीकडे बसतात, अलीकडे हे, मध्ये चहा. एकेक परिच्छेद घेऊन घासाघीस चालते. एखादा परिच्छेद जसाच्या तसा राहतो. एखाद्याचं उत्तर पटलं तर तो गळतो. आणि ज्याला गाळताही येत नाही आणि ठेवायलाही नको असतं, तो बारीक टायपात पानाच्या तळाला जातो, तळटीप होऊन. ऑफिसात त्याला म्हणतात, तळघरात घातला. तळघरात गेलेलं कुणी वाचत नाही. सभागृहातले तर नाहीतच, ते पहिलं पान वाचतात तेच खूप झालं.

काकांची ख्याती अशी, की त्यांचे परिच्छेद तळघरात जात नाहीत. आरडाओरडा करून बघितला, गोड बोलून बघितलं, त्यांच्यावर कशाचाही परिणाम व्हायचा नाही. त्या वर्षी अर्थखात्याला नवे सचिव आले होते. वयानं काकांहून लहान. काका आत आले तसे ते उठून उभे राहिले, त्यांना स्वतः खुर्ची दिली, आणि म्हणाले, तुमची प्रकरणं मी आमच्या नव्या अधिकाऱ्यांना वाचायला लावतो, भाषा कशी असावी ते कळावं म्हणून. काका मला म्हणाले, "तिथेच मी अर्धा खलास झालो. इतक्या वर्षांत पलीकडचं कुणी उठून उभं राहिलं नव्हतं."

निधीचा परिच्छेद आला. सचिव एक शब्दही त्याच्याविरुद्ध बोलले नाहीत. म्हणाले, "मुद्दा रास्त आहे. राहू द्या. फक्त एक विचारू? तुमच्या वहिनी धुलाई विभागात आहेत ना?"

काका म्हणाले, "हो."

"मला काही वाटत नाही," सचिव म्हणाले. "पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त होणार. इतकं स्वच्छ नाव. उद्या कुणी म्हणायला नको, शेवटी घरच्यांसाठी लिहिलं. केवळ तुमच्यासाठी बोललो. परिच्छेद तुमचा, निर्णय तुमचा."

आणि काकांनी निर्णय घेतला. त्यांना लाच कुणी दिली नाही, धमकी दिली नाही. खरं तर उपाय अगदी सोपा होता: नात्यातलं माणूस यात आहे असं लिहून द्यायचं आणि या एका परिच्छेदावर दुसऱ्या अधिकाऱ्याची सही घ्यायची. नियमात तसं आहे. काकांनी तो नियम नवशिक्यांना शिकवला होता. पण तसं केलं असतं तर कागदोपत्री आलं असतं, की या माणसाचाही कुठेतरी संबंध होता. त्यांना स्वतःच्या नावापुढे तेवढी रेघही नको होती. ते म्हणाले, "तळटीपेत घेऊ."

"तुम्ही म्हणाल तसं," सचिव म्हणाले, आणि चहा मागवला.

तळटीप अशी झाली: काही वर्गांतील कर्मचाऱ्यांच्या निधीतील भरण्याचा ताळमेळ प्रलंबित आहे. वाचून कुणाला वाटेल, दोन कारकुनांचे आकडे जुळायचे राहिलेत. आणि मोठा परिच्छेद वरून गेल्यावर प्रकरणाच्या शेवटी "चिंताजनक" म्हणायला काही आधारच उरला नाही. तिथे वाक्य आलं: सरकारची आर्थिक स्थिती एकंदरीत सुदृढ आहे. अक्षर न् अक्षर काकांचं.

अर्थसंकल्पाच्या दिवशी आमच्याकडे टीव्हीसमोर ही गर्दी. शेजारचे, खालचे, दुकानातून सुट्टी काढून आलेली मी. अर्थमंत्र्यांनी भाषणात हातातला कागद उंच धरला आणि म्हणाले, हे आम्ही म्हणत नाही, आमच्या चुका काढणारे म्हणताहेत. आणि ते वाक्य वाचलं. एकंदरीत सुदृढ आहे. बाकं वाजली. आमच्या घरातही टाळ्या वाजल्या. आईनं तर शेजारणीच्या पाठीवर थापच मारली. "आमच्या भाऊजींचं वाक्य! सगळं सभागृह ऐकतंय!" काका हात धुवायला म्हणून उठले. नळ बराच वेळ वाहत होता. मला वाटलं, डोळे भरून आले असतील. खरोखरच आले होते. आम्ही मात्र त्याचा भलताच अर्थ लावला.

त्याच आठवड्यात आईनं त्यांना गाठलं. पलीकडच्या गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या विकायला निघाल्या होत्या. मागे हातभर अंगण. मालकाला बयाणा हवा होता, आणि बाकीची रक्कम ठरल्या तारखेला. तारीख टळली तर बयाणा बुडणार. बयाण्याएवढे पैसे आईनं साठवले होते, तेवढेच होते.

"भाऊजी, निवृत्तीचे पैसे वेळेवर मिळतील ना? तुम्ही हो म्हणालात तर देते. नाही म्हणालात तर नाव काढत नाही."

काका ताटाकडे बघत म्हणाले, "सरकार कुठे पळून जातंय, वहिनी?"

हे उत्तर मी किती वेळा मनात उलटंसुलटं केलं असेल. यात खोटं काही नाही. एकही शब्द पकडता येत नाही. अहवालाची भाषा घरात अशी आली, आणि आई तिला हो समजून दुसऱ्या दिवशी बयाणा देऊन आली. तिथे काकांनी खरं सांगितलं असतं तर निदान तिची पुंजी वाचली असती. पण खरं सांगायचं तर का लपवलं हेही सांगावं लागलं असतं, आणि ते वहिनीच्या तोंडावर बोलायचा धीर त्यांना झाला नाही. बयाणा दिल्याचं आई हसत सांगत होती तेव्हा ते घास नुसता चावत राहिले.

मग काका निवृत्त झाले. निरोप समारंभाला मी आणि आई गेलो होतो. साहेबांनी भाषणात सांगितलं, की या माणसाच्या नावावर एकही डाग नाही. आई अभिमानानं ताठ बसली होती. काका हार गळ्यात घालून मान खाली करून उभे, आणि सगळे म्हणत होते, किती हा विनय!

थोड्याच महिन्यांनी आईही निवृत्त झाली. निधीच्या कार्यालयात गेली तर काचेमागच्या कारकुनानं सांगितलं, ताळमेळ व्हायचाय, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यातही तेच. आई घरी येऊन कारकुनाचा उद्धार करायची. "मेल्याला बेरीज येत नाही आणि मला ताळमेळ शिकवतोय! त्याला म्हटलं, माझ्या दिरांनी तपासलंय, सुदृढ आहे म्हणून लिहिलंय. तू कोण लागून गेलास?" सरकारवर, ऑफिसवर, कारकुनावर कुणी काही बोललं तरी काका पूर्वी बाजू समजावून सांगायचे. आता पोट बरं नाही म्हणून जेवण अर्धं टाकायचे. "चला ना माझ्याबरोबर, त्याला दोन शब्द सांगा," आई म्हणाली, की कधी सर्दी, कधी पाठ. मीही चिडले होते. एवढी ओळख असून घरच्या माणसासाठी उठायला काय होतं, असं म्हणालेसुद्धा.

खोल्यांची तारीख तोंडावर आली. मालक एकदा थांबला होता, पुन्हा थांबणार नव्हता. त्या सकाळी आई काकांच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आज सर्दी असो की ताप असो, तुम्ही येताय." काका चपला घालून निघाले. मीही सुट्टी घेऊन बरोबर गेले.

निधीचं कार्यालय म्हणजे एक लांब हॉल. एका टोकाला काचेच्या खिडक्या, त्यातली एकच उघडी, वर घरघरणारा पंखा, आणि खिडकीपासून दारापर्यंत रांग. रांगेत निम्म्या बायका धुलाई विभागातल्या. आईला बघून त्यांना धीर आला. आई काकांचं कोपर धरून थेट पुढे गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे माझे दीर. सरकारचा सगळा हिशेब ह्यांनीच तपासलाय. आता बोलू दे त्या खिडकीतल्याला!"

बायकांनी त्यांना जागा करून दिली. इस्त्रीच्या यंत्रावर काम करणारी एकजण पुढे आली. तिच्या हातावर भाजल्याचे जुने डाग होते. तिनं विचारलं, "साहेब, आमचे पैसे आहेत ना?"

काकांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता सरकार कुठे पळून जातंय, असलंच काहीतरी येणार. ते आईकडे बघून म्हणाले, "नाहीत."

कुणाला काही कळलं नाही. ते पुन्हा म्हणाले, "तुमच्या पगारातून कापले, पण निधीत भरलेच नाहीत. तीन वर्षं. खर्च झाले, आणि ताळमेळ होईपर्यंत आधीचेही अडकलेत. या खिडकीतल्या माणसाची काही चूक नाही. मला माहीत होतं."

"आत्ता कळलं असेल तुम्हाला," आई म्हणाली. ती अजून त्यांना सोडवायच्याच खटपटीत होती.

"नाही, वहिनी. तुम्ही बयाणा दिलात त्याच्या आधीपासून."

आईनं त्यांचं कोपर सोडलं. "मग लिहिलं का नाही?"

"लिहिलं होतं. नंतर मीच खाली घातलं, कुणाला दिसणार नाही असं. तुम्ही त्यात होतात. लोक म्हणाले असते, वहिनीसाठी लिहिलं. माझं नाव..."

आईचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी फरशीकडे बघत राहिले. बोलली ती इस्त्रीवाली. रागानं नाही. काहीतरी समजत नाहीये, समजावून घ्यावं, अशा सुरात तिनं विचारलं, "पण साहेब, वहिनी तर एकच ना? आम्ही इतक्या जणी. आम्ही तुमच्या कुणी लागत नाही. आमच्यासाठी लिहायला काय हरकत होती?"

भल्याभल्या अधिकाऱ्यांची उत्तरं खोडून काढणारे माझे काका तिच्यासमोर उभे होते. हा विचार त्यांना कधी शिवलाच नव्हता, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. चार हजार माणसांमधली त्यांना एक वहिनी दिसली, आणि एक स्वतःचं नाव. मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या त्या नावावर इतकी वर्षं मिरवलेल्या आम्हा सगळ्यांसाठी.

"तुम्ही घरी जा, भाऊजी," आई हळू आवाजात म्हणाली. "आम्हाला आमच्या आमच्यात बोलायचंय."

ती बायकांमध्ये जाऊन उभी राहिली. मी तिच्यापाशी थांबले. काका वळले आणि दाराकडे निघाले. रांगेत मागे असलेल्या बायकांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी एवढंच पाहिलं होतं, की कुणी साहेब आपल्यासाठी खिडकीपर्यंत जाऊन आले. त्या अदबीनं बाजूला होऊन त्यांना वाट देऊ लागल्या. सफाई विभागातल्या एका म्हातारीनं त्यांचा हात धरला आणि विचारलं, "झालं का साहेब आमचं काम?"

काका थांबले. हात सोडवून घेतला नाही. आम्हाला सांगितलं होतं ते सगळं त्यांनी तिला पहिल्यापासून सांगितलं, कुणी, काय आणि का केलं ते. ती हात सोडून बाजूला झाली, तेव्हा तिच्या मागचीनं विचारलं. तिलाही सांगितलं. मग तिच्या मागचीला. दारापर्यंत पोचायला त्यांना फार वेळ लागला.